विरजण

माझा धंदा घरं दुरुस्त करण्याचा. विटा-सिमेंटशी माझा संबंध नाही. घराच्या डोक्यात बिघाड झाला की मला बोलावतात. आता आमच्या गडहिंग्लजमध्येही बंगल्यापासून दोन खोल्यांच्या बिऱ्हाडापर्यंत प्रत्येकाकडे घरचा कॉम्प्युटर आहे. जिन्याखाली नाहीतर देव्हाऱ्याच्या बाजूला चपात्यांच्या डब्याएवढी पेटी असते, आणि दिवे, पंखे, गिझर, खिडक्या, शेगडी, दार सगळं तिच्या हुकमात चालतं. ती ऐकते, बघते आणि शिकते. आणि बिघडली की माणसं अशी हवालदिल होतात की विचारू नका.

बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. पेटीतल्या सिस्टीम फाइली खराब होतात. वीज गेली-आली, दाब वरखाली झाला, की लिहिता लिहिता एखादी फाइल अर्धवट राहते आणि घर भलतंच वागायला लागतं. यावरचा उपाय सोपा आहे. कंपनीने प्रत्येक मूळ फाइलचा ठसा काढून ठेवलेला असतो. पेटीतल्या फाइलचा ठसा त्याच्याशी ताडून बघायचा, जुळला नाही तर ती फाइल फेकायची आणि चांगली प्रत आणून तिच्या जागी ठेवायची. हे काम पेटी आपलं आपण करते. मी शेजारी बसून चहा पितो आणि गंभीर चेहरा ठेवतो.

पण पेटीत दुसऱ्या प्रकारच्याही फाइली असतात, आणि माझं पोट त्यांच्यावर चालतं. त्यांना आम्ही वळण म्हणतो. त्या कारखान्यात तयार होत नाहीत, घरातल्या माणसांबरोबर राहून तयार होतात. वळणात आवाज नसतो, चित्र नसतं, कुणाचं नावही नसतं. नुसते आकडे असतात: अमुक झालं की तमुक करावं याकडे या घराचा कल किती. तुम्ही दहा वेळा पंखा कमी करायला सांगितलात की अकराव्या वेळी घर न सांगता कमी करतं. सारखं ‘नको’ म्हणत राहिलात की ते विचारायचं सोडून देतं. कुठल्याही दोन घरांचं वळण सारखं नसतं, त्यामुळे ते खराब झालं तर चांगली प्रत आणायची कुठून, हा प्रश्न उरतो.

कंपनीचं पुस्तक म्हणतं, कोरं वळण घाला, सहा महिन्यांत घर पुन्हा शिकेल. पुस्तक लिहिणाऱ्या शहाण्याने सहा महिने कोऱ्या घरात काढून दाखवावेत. जेवताना दिवे जातात, आंघोळ झाल्यावर गिझर सुरू होतो, आणि पाहुण्यांसमोर घर विचारतं की ही व्यक्ती कोण आहे. म्हणून आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्यांनी आपली एक रीत काढली. एखाद्या चांगल्या वळणाच्या घरातून थोडी फाइल आणायची आणि ती या घरात घालायची. त्या आधारावर घर आठ-दहा दिवसांत जमतं. शेजारणीकडून चमचाभर दही आणतात तसंच हे, म्हणून आम्ही याला विरजण म्हणतो. कायद्यात ते बसत नाही, पण गिऱ्हाईक खूश असतं.

मे महिन्यात वळिवाच्या एका वादळात कडगाव रस्त्याच्या बाजूला वीज पडली आणि एकतीस घरांची वळणं एका फटक्यात खराब झाली. माझ्या घराची पेटी तेवढी वाचली, कारण ढग दाटले की प्लग काढायची मला सवय आहे. एकतीस माणसं माझ्या दारात. तेवढ्या घरांना पुरेल असं निरोगी, मुरलेलं वळण जवळपास एकच होतं. माझ्या घराचं. मी त्याचंच विरजण सगळ्यांना लावलं.

आता ते वळण खरं म्हणजे माझं नव्हतं. उज्ज्वलाचं होतं. माझी बायको.

तिला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. सकाळी अकराच्या सुमारास ती जरा आडवी झाली आणि उठलीच नाही. मी पुढच्या खोलीत काम करत होतो; बाराला जेवायला म्हणून आत गेलो तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, तिला काही समजलंही नसेल. हे एक वाक्य मी चौदा महिने जवळ बाळगलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवलं. त्या वाक्याच्या आधारावर मी जेवत होतो, झोपत होतो, कामाला जात होतो.

ती गेल्यावर नवव्या दिवशी पावणेचारला स्वयंपाकघरातली किटली आपली आपण सुरू झाली नाही. रोज व्हायची, ती तिच्या चहाची वेळ. घर तिला विसरायला लागलं होतं. घराची यात काही चूक नव्हती, ते शिकत होतं की त्या वेळी आता तिथे कुणी नसतं. मी तसाच उठलो, आदल्या आठवड्याची प्रत परत घातली आणि पेटीचं शिकणं बंद केलं. तेव्हापासून आमचं घर तिच्यासाठी चालायचं. पावणेचारला किटली, संध्याकाळी उंबऱ्यावरचा दिवा सगळे परत येईपर्यंत चालू, फोन वाजला की रेडिओ हळू. मी त्या घरात राहायचो.

आमची मुलगी सानिका बेळगावला असते. तिला हे पटलं नाही. दिवाळीला आली, दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरली.

“बाबा, किटली वाजली की माझी मान आपोआप वळते,” ती म्हणाली. “मग घास उतरत नाही. ते बंद करा ना.”

“बघू.”

“बघू नका. बंद करा. नाहीतर मी नाही यायची आता.”

ती खरंच आली नाही. नातीला मी फोनवरच चालायला लागलेली बघितली.

तर एकतीस घरांत विरजण लावताना मी मनाशी म्हणालो की दुसरा इलाज नाही. ते खोटं नव्हतं. पण उज्ज्वला एकतीस घरांत राहील या विचाराने मला बरं वाटलं होतं, हेही खरं. तेवढं कबूल करतो.

पंधरा दिवसांनी नाझनीन बागवानचा फोन आला. ती मार्केट यार्डाच्या मागे घरातच शिवणकाम करते, एकटी असते. मी गेलो तर तिने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः मशीनला टेकून उभी राहिली.

“काका, आमच्या घरात कोण राहायला लागलंय ओ?”

“कोण म्हणजे?”

“बाई हाय. वयानं मोठी. पावणेचारला च्या पिती. मी मशीन सोडून गप बसले की पडदा सारती, उजेड येऊ दे म्हणून. काल माझा फोन झाला भावासंगं, भांडण झालं, तर रेडिओवर कायतरी जुनं लावलं हळूच.” तिने दोरा तोडला. “भ्या वाटत न्हाई मला. पर कोण हाय ते कळू दे की.”

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पेटीपाशी वाकलो. भावाशी भांडण झालं की जुनी गाणी, ही उज्ज्वलाची सवय आणखी कुणाला माहीत असणार?

“जुन्या-नव्या फाइली मिसळल्यात,” मी म्हणालो. “महिन्याभरात जाईल.”

“जाईल?” नाझनीन म्हणाली. तिचा चेहरा उतरला. मी घाईने चपला घातल्या.

त्यानंतर आणखी चार-पाच जणांनी तसंच काहीबाही सांगितलं. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी लिंबू-मिरची बांधली, एकाने तर मला बघायलाही बोलावलं नाही, सरळ वास्तुशांत करून घेतली. मी प्रत्येक ठिकाणी कानावर हात ठेवले. संध्याकाळी फिरायला निघालो की मुद्दाम त्या गल्ल्यांतून जायचो. उंबऱ्यावरचे दिवे लागलेले असायचे, एका ओळीने, आणि मी त्यांच्याखालून सावकाश चालत जायचो.

जूनच्या शेवटी बेळगुद्री सर पडले.

सरांनी मला शाळेत गणित शिकवलं. वय आता शहाऐंशी, मुलगा परगावी, घरात एकटे, आणि ते घर त्या एकतिसांपैकीच. ते सकाळी सातला न्हाणीघरात घसरले आणि अकराला भांडी घासायला बाई आली तोपर्यंत तिथेच पडून होते. खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. सर उशाला टेकून बसले होते, चेहरा अर्धा झालेला, पण आवाज वर्गातला.

“ये श्रीकांत. तुझीच वाट बघत होतो. एक शंका आहे.”

“विचारा सर.”

“माणूस पडला तर घर विचारतं, मुलाला कळवू का. दोन मिनिटांत उत्तर नाही आलं तर स्वतः फोन लावतं. बरोबर?”

“बरोबर.”

“माझ्या घराने विचारलं नाही.” ते थांबले, श्वास घेतला. “उलट माझी सेवा केली रे. खिडकी उघडली. पंखा अगदी हळू लावला. डोळ्यांवर उजेड येत होता तो दिवा मंद केला. मला धाप लागलेली, तर तिकडे स्वयंपाकघरात पाणी गरम करत ठेवलं. चार तास. मी ओरडतोय, फोन लाव, फोन लाव. माझी कवळी राहिली होती बेसिनवर, त्यामुळे बोलणं फुसफुस येत होतं, ते मान्य. पण घराने ते ऐकून सोडून दिलं. एखादी बाई आजाऱ्यापाशी बसते ना, कुणाला उठवायचं नाही म्हणून, तसं ते घर माझ्यापाशी बसलं होतं.”

मी त्यांना घराची बाजू समजावून सांगितली. दुसरं काय करणार होतो? म्हणालो, सर, बोलणं नीट ऐकू आलं नाही की पेटी अंदाज बांधते. सुटलेला शब्द ती वळणावरून भरते; आजवर अशा वेळी माणूस काय म्हणत आला, तेच आत्ताही म्हणाला असेल असं धरते. पूर्वी कंपनीने हा कॉल पक्का ठेवला होता, पण मग साधा दम लागला तरी अँब्युलन्स दारात यायला लागली, लोक चिडले, म्हणून तोही शिकण्यावर सोडला.

“म्हणजे कुणीतरी अशा वेळी सारखं ‘नको’ म्हणत आलं,” सर म्हणाले. “मी तर कधी म्हणालो नाही. मग हे गप्प बसायला त्याला शिकवलं कुणी? कुणाचं वळण घातलंस तू माझ्या घरात?”

“बघतो सर,” एवढंच मी म्हणालो आणि उठलो.

मला माहीत होतं कुणाचं, पण मला हे माहीत नव्हतं. किटली माहीत होती, दिवा माहीत होता. हळू पंखा, उघडी खिडकी, गरम पाणी आणि गप्प बसणं, हे आमच्या घरात कधी झालं? घरी येऊन मी पेटी उघडली आणि आकडे काढले. धाप लागल्यावर कुणाला तरी कळवण्याकडे आमच्या घराचा कल होता शंभरात तीन. नव्या पेटीत तो अठ्ठ्याण्णव असतो. इतका खाली यायला पाच-पंचवीस वेळा ‘नको’ म्हणून भागत नाही.

हे कधी झालं ते शोधायचं होतं. पण आधी ती एकतीस घरं गाठायला हवी होती, कारण त्यातल्या नऊ घरांत एकटी म्हातारी माणसं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुरुवात केली आणि तीन दिवस पावसापाण्यात फिरलो. प्रत्येक घरात तिची फाइल काढली आणि कोरी घातली. कंपनीची नवी फाइल आली आहे, असं सांगितलं. खरं कुणालाच सांगितलं नाही. काय सांगणार, की माझी बायको तुमच्या घरात आहे आणि ती तुम्हाला मरू देईल?

नाझनीनकडे शेवटी गेलो. तिने पेटीवर हात ठेवला.

“राहू दे की काका तिला. काय खाती, काय पिती?”

“धोका आहे त्यात.”

“कसला?”

“आजारी पडलीस तर ती कुणाला सांगणार नाही.”

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. शिवणारी बाई आहे, तिला मापं लगेच कळतात. “काका,” ती हळू म्हणाली, “तुमच्या घरातली हाय व्हय ही?”

मी मान हलवली नाही, पण तिने हात काढून घेतला. काम चालू असेपर्यंत ती डोक्यावर पदर घेऊन उभी होती. आमच्याकडे कुणाची अंत्ययात्रा निघाली की बायका तशा उभ्या राहतात.

मग उरलं माझं घर. ते मला तसंच ठेवता आलं असतं. मी एकटा, धडधाकट, मेलो तरी माझा मी. पण आकडा डोक्यातून जाईना. शंभरात तीन. प्रत्येक पेटीत एक नोंदवही असते. घराने काय ऐकलं, काय विचारलं, काय केलं, ते तिथे दिवसवार लिहिलेलं असतं. विरजणात ती जात नाही, ज्या घरची त्या घरातच राहते. उज्ज्वला गेल्यापासून मी ती उघडली नव्हती. चौथ्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर, उघडली.

पहिली नोंद ती जायच्या सहा महिने आधीची होती. सकाळी सहा दहा. धाप. विचारलं: श्रीकांतना सांगू का? उत्तर: नको, आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.

पुढे तशाच. मी एकेक वाचत गेलो. नको, गिऱ्हाईक आलंय. नको, जेवतायत ते. नको, जरा खिडकी उघड, जाईल आपोआप. नको, सानिकाला कळेल. मग सानिका बाळंतपणाला आमच्याकडे आली, तेव्हापासूनची कारणं बदलली. नको, पोरीला दिवस भरलेत. नको, आत्ताच सुटलीय, दूध येऊ दे नीट. आणि मग रोज, कधी दिवसातून दोनदा, एकच उत्तर: सव्वा महिना होऊ दे, मग मीच सांगते.

अशा एकशे बारा नोंदी होत्या. बहुतेक वेळांना मी घरात होतो. बऱ्याचदा मी पुढच्या खोलीत दुसऱ्यांच्या फाइलींचे ठसे ताडून बघत होतो. या सहा महिन्यांत मी तिला कितीदा तरी विचारलं होतं, बरं वाटतंय ना? ती हो म्हणायची आणि मी पुढच्या कामाला लागायचो. शेवटी शेवटी तर ती काय म्हणाली हे ऐकायलाही मी थांबत नव्हतो, कारण ती काय म्हणणार ते मला माहीत होतं.

एकशे तेरावी नोंद बाळाच्या एकतिसाव्या दिवसाची. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. धाप, तीव्र. घराने विचारलं नव्हतं. विचारायचं त्याने आता सोडून दिलं होतं. खिडकी उघडली. पंखा हळू केला. पाणी ठेवलं. त्याखाली एक ओळ होती.

ऐकलं: ‘सांग त्यांना’. आवाज क्षीण, खात्री कमी. वळणानुसार अर्थ: नको. कळवलं नाही.

अकरा बावीसला पुन्हा तेच. अकरा पंचवीसला पुन्हा. त्यानंतर फक्त पंखा चालू असल्याची नोंद होती.

ती झोपेत गेली नव्हती. ती जागी होती, तिला सगळं समजत होतं, आणि तिने तीन वेळा मला हाक मारायला सांगितलं होतं. आमच्या दोघांमध्ये एक भिंत होती. रडू आलं नाही, लाज वाटली. घराचा राग येईना. त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. ऐकू न आलेली जागा त्याने जुन्या उत्तराने भरली, आणि मीही सहा महिने तेच केलं होतं. मला तर कान होते.

मग मी दुरुस्ती सुरू केली. पेटीने सगळ्या फाइलींचे ठसे घेतले, कंपनीच्या फाइली ठीक निघाल्या, आणि शेवटी पडद्यावर आलं: वळणाची चांगली प्रत उपलब्ध नाही. कोरी घालायची का? मी हो म्हटलं. जवळ ठेवलेली जुनी प्रतही पुसली. दहा मिनिटांनी घरातले सगळे दिवे एकदम लागले, भर दुपारी, आणि पेटीने नव्या आवाजात विचारलं की या घरात कोण कोण राहतं.

“एकटा,” मी म्हणालो.

मी फोन हातात घेतला. सानिकाला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्यासाठी आई झोपेत गेली होती, अलगद, काही न कळता. आणि त्या दिवशी अकरा वीसला सानिका बाळाला घेऊन शेजारच्याच खोलीत निजली होती. हे तिला कशाला सांगायचं? अंगावर लेकरू आहे अजून. थोडी मोठी होऊ दे नात, शाळेत जाऊ दे, मग सांगू. मी मनातल्या मनात ही कारणं एकामागून एक लावत होतो, आणि ती कुणाच्या आवाजात येत होती ते मला ऐकू आलं.

मी फोन लावला.

“बाबा? या वेळेला कसा फोन?” सानिकाच्या मागे कुकरची शिटी वाजत होती. “बरं आहे ना सगळं?”

हो, हा शब्द तोंडात तयारच होता.

“नाही,” मी म्हणालो. “गॅस बंद कर आणि जरा बस. तुझ्या आईने सांगायला सांगितलं होतं.”